बिअर्डेड ड्रॅगनची पिल्लं आणि नागपूरचा मे महिना: आधी गारवा, मग खाणं

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मानेवाड्यात वरच्या मजल्यावर घर. तुमच्या बिअर्डेड ड्रॅगनच्या, म्हणजे पाळीव ऑस्ट्रेलियन सरड्यांच्या, जोडीची अंडी तीन दिवसांपूर्वी फुटली आणि अकरा पिल्लं निघाली. दोन अंडी अजून तशीच आहेत. पिल्लं किड्यांकडे बघतही नाहीत, तोंड उघडं टाकून बसतात, एकाच्या मागच्या पायाचं बोट गेलंय. काचेच्या टाकीवर १०० वॅटचा दिवा बारा तास चालू आहे, कारण सगळे व्हिडिओ ‘४० अंश हवेत’ असं सांगतात. खोलीत कूलर आहे. आणि आता चिमट्याने तोंड उघडून भरवायचं का, असं तुम्ही विचारताय.

भरवू नका. दोन-तीन ग्रॅमच्या जिवाचा जबडा बोटांनी उघडताना मोडू शकतो. पाणी किंवा पातळ खाणं श्वासनळीत गेलं तर पिल्लू हातातच जातं. शिवाय तुमची अडचण भुकेची नाहीच. पिल्लांना उष्णता जास्त होतेय आणि पाणी कमी पडतंय.

आधी न खाण्याबद्दल. अंड्यातून निघताना पिल्लू बलक पोटात ओढून घेतं आणि पहिले दोन-तीन दिवस त्यावरच काढतं. या दिवसांत ते निपचित पडून राहतं, समोरून किडा गेला तरी मान वळवत नाही. यात आजार काही नाही. बहुतेक पिल्लं दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पहिला किडा पकडतात. म्हणजे तुम्ही अजून वेळेतच आहात. पण जे पिल्लू तापलंय आणि सुकलंय, ते बलक संपला तरी खाणार नाही. म्हणून जो काही जोर लावायचा तो टाकीच्या तापमानावर लावा.

व्हिडिओतले ४० अंश खोटे नाहीत. पण ते टाकीच्या एका टोकाला, दिव्याखालच्या फांदीच्या किंवा दगडाच्या पृष्ठभागाचे आहेत, आणि ती टाकी २२-२४ अंशांच्या खोलीत ठेवलेली असते. दुसरं टोक तिथे आपोआप गार राहतं, त्यामुळे गार टोकाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. तुमची खोली स्लॅबच्या खाली आहे, दिवस नवतप्याचे आहेत, बाहेर पारा ४५च्या आसपास. अशा खोलीत १०० वॅटचा दिवा लावला की त्याच्याखाली ५०च्या वर जातं आणि गार टोक म्हणण्यासारखं काही उरतच नाही. सरड्याला घाम येत नाही. अंग तापलं की सावलीत सरकायचं, हा त्याचा एकच उपाय. सरकायला जागाच नसेल तर तो तोंड उघडून बसतो.

तोंड उघडणं नीट बघायला शिका. दिव्याखाली बसून पिल्लाने थोडा वेळ तोंड उघडं ठेवलं तर ते पुरेसं तापलंय एवढाच अर्थ, काळजी नाही. तेच पिल्लू टाकीच्या दुसऱ्या टोकाला, कोपऱ्यात, काचेला चिकटून तोंड उघडून बसलं असेल तर ते संकटात आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा प्रकार वाटतो.

मी या शहरात बरीच वर्षं हे प्राणी पाळते, त्यांची पिल्लंही वाढवते. माझ्याकडे थंडीत आणि उन्हाळ्यात पिल्लांची व्यवस्था पूर्ण वेगळी असते. डिसेंबरात रात्री पारा दहाच्या खाली गेला की ऊब द्यावीच लागते. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत मात्र गार टोक २९च्या खाली ठेवणं हे माझं दिवसभराचं काम असतं. ते ३२पर्यंत गेलं तर काही तास चालतं. ३५ झालं की मी दिवा काढूनच टाकते. दिव्याखालचा पृष्ठभाग ४० ते ४२, गार टोक २६ ते २९, रात्री २० ते २५, एवढे आकडे टाकीवर लिहून चिकटवा. मेमध्ये रात्रीचा आकडा नागपुरात बहुतेक गाठता येत नाही. रात्री २८ असले तरी पिल्लं तगतात, दिवसा गारवा मिळाला तर.

मोजायचं मात्र जिथे पिल्लाचं पोट टेकतं तिथे. काचेला चिकटवायचे गोल काटे भिंतीचं तापमान दाखवतात, त्यांचा उपयोग नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सेन्सर गार टोकाच्या जमिनीवर ठेवा. कपाळाचा ताप बघायची गन घरात असेल तर तिच्यात पृष्ठभाग मोजायचा मोड आहे का ते आधी बघा. ताप मोजायच्या मोडवर ती दगडाचा आकडा चुकीचा दाखवेल.

आज रात्रीपर्यंत एवढं करा. टाकी वरच्या खोलीतून काढून घरातल्या सगळ्यात थंड खोलीत न्या, पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. एसी असेल तर २७वर ठेवा. १०० वॅटचा दिवा काढून २५ किंवा ४० वॅटचा लावा आणि तो सकाळी सहा ते दहाच चालू ठेवा. दुपारी खोलीच इतकी तापलेली असते की दिव्याची गरज नसते. कूलरचा झोत थेट टाकीवर येऊ देऊ नका, खोली गार झाली की पुरे. कूलरने दमटपणा वाढतो हे खरं, आणि हा प्राणी मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागातला आहे. तरीही उष्णता आणि दमटपणा यात निवड करायची वेळ आली तर काही आठवडे दमटपणा पत्करा, फक्त खिडकी किलकिली ठेवा आणि टाकीतला कागद कोरडा ठेवा.

गार टोकासाठी कवेलूसारखी, म्हणजे छपरावरच्या मातीच्या कौलासारखी, वस्तू नाही. जुनं, धार नसलेलं कवेलू पाण्यात भिजवा, निथळू द्या आणि पालथं घाला. आपल्याकडची मेमधली हवा इतकी कोरडी असते की पाणी उडताना कवेलूखाली चांगला गारवा होतो. खाली पाणी साचू द्यायचं नाही, आणि पावसाळ्यात हा उपाय बंद, कारण दमट हवेत तो चालत नाही, फक्त बुरशी येते. लाइट गेली तर गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टाकीच्या बाहेरून, गार टोकाच्या काचेला टेकवून ठेवा. ती आत ठेवू नका, पिल्लं तिला चिकटून गारठतात.

दिवा चार तासच लावायचा म्हटल्यावर प्रश्न येतो अतिनील किरणांचा, आणि इथे तडजोड नाही. यूव्हीबी ट्यूब आणि उष्णतेचा दिवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्यूब फारशी तापत नाही, त्यामुळे दिवा बंद असतानाही ती बारा तास चालू राहू शकते. या किरणांवाचून कातडीत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि काही आठवड्यांत जबडा मऊ पडतो, बोटं थरथरतात, मागचे पाय ओढत चालणं सुरू होतं. लांब टी-५ ट्यूब घ्या, दहा किंवा बारा टक्के यूव्हीबीची. छोट्या गुंडाळीच्या बल्बचा उजेड टाकीभर पोचत नाही. डब्यावर दिलेलं अंतर पाळा. मध्ये काच असेल तर यूव्हीबी जवळपास शून्य, बारीक जाळीही बरीच किरणं खाते. ट्यूब दिसायला उजळ असली तरी वर्षभरात तिचा यूव्हीबी उतरतो, म्हणून बसवल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

ऊन द्यावं का? द्यावं, पण काचेच्या टाकीसकट कधीच नाही. उन्हातली काचेची टाकी काही मिनिटांत भट्टी होते, अगदी जानेवारीतही. जाळीच्या टोपलीत, अर्धी टोपली सावलीत ठेवून, सकाळी साडेसात-आठच्या सुमारास दहा मिनिटं. तुम्ही स्वतः तिथे बसायचं, फोन आला तरी उठायचं नाही. कावळा आणि मांजर दोघांनाही ही पिल्लं लगेच दिसतात.

आता पाणी. वाटीतलं स्थिर पाणी पिल्लांना पाणी म्हणून ओळखताच येत नाही. ड्रॉपरने नाकाच्या टोकावर एक थेंब सोडा. जीभ बाहेर आली की दुसरा. थेंब नाकपुडीत जाऊ देऊ नका. सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला असं पाजा. शिवाय दिवसाआड उथळ ताटलीत, पिल्लाच्या कोपरापर्यंत येईल इतक्याच कोमट पाण्यात दहा मिनिटं सोडा आणि समोरून हलू नका. डोळे खोल गेलेत, कुशीवर सुरकुत्या आहेत, विष्ठेतला पांढरा भाग पिवळा आणि कडक झालाय, यातलं काहीही दिसलं तर पाणी कमी पडतंय. माझा अंदाज असा की टाकी गार झाली आणि पोटात पाणी गेलं की तुमच्या निम्म्या पिल्लांचं खाणं एक-दोन दिवसांत आपोआप सुरू होईल.

खाण्याचा पहिला नियम मापाचा. किडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. या वयात म्हणजे तीन-चार मिलिमीटरचे रातकिडे किंवा अगदी बारकी डुबिया झुरळं. मोठा किडा गिळला तर आतड्यात अडकतो, मागचे पाय लुळे पडतात, आणि माणसं त्याला कॅल्शियमची कमतरता समजत बसतात. मीलवर्म अजून दोन महिने नको, त्यांची कवचं कडक असतात. दिवसातून तीन वेळा, दहा-पंधरा मिनिटांत खातील तेवढे द्या आणि उरलेले उचलून घ्या. रात्री टाकीत राहिलेले रातकिडे झोपलेल्या पिल्लांनाच कुरतडतात. शेवटचं खाणं ट्यूब बंद होण्याच्या दोन तास आधी, कारण पचवायला त्यांना उबेत बसावं लागतं.

उन्हाळ्यात कुरिअरने मागवलेले रातकिडे वाटेतच मरतात. घरच्या घरी डुबियांची पेटी लावलीत तर बरं पडेल, ती उबेत चांगली वाढतात. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्याही मिळतात, त्यांच्यात मुळातच कॅल्शियम भरपूर असतं. किडे पिल्लांना देण्याआधी एक दिवस त्यांना गाजर, शेवग्याचा पाला खाऊ घाला. बागेतले किडे पकडून देऊ नका, कुठे काय फवारलंय सांगता येत नाही. आणि पाऊस सुरू झाल्यावर घरात काजवा आला तर टाकीजवळ अजिबात जाऊ देऊ नका. काजव्यातलं विष या प्राण्याला मारतं. मोठ्या ड्रॅगनलाही एक काजवा पुरतो.

प्रत्येक दिवशी एका खाण्याला किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरवा. साधं कॅल्शियम कार्बोनेट हवं, फॉस्फरस नसलेलं. आयात केलेला डबा परवडत नसेल तर समुद्रफेस आणून कठीण पापुद्रा काढा आणि मैद्यासारखी बारीक पूड करून वस्त्रगाळ करा. ड जीवनसत्त्व असलेली पूड आठवड्यातून दोनदा, त्यापेक्षा जास्त नको, ते अंगात साठतं. हिरवा पालाही पहिल्या आठवड्यापासून रोज ठेवा. ती लगेच खाणार नाहीत, पण नजरेला सवय होते. शेवग्याचा कोवळा पाला, कोथिंबीर, जास्वंदाचं फूल, किसलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा. सगळं बारीक चिरून. पालक आणि चवळई नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. बाजारातून आणलेली भाजी भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या.

तुटलेल्या बोटाचं कारण भावंडं. हलणारी छोटी गोष्ट दिसली की ही पिल्लं झडप घालतात, मग ते बोट असो की शेपटीचं टोक. आपल्या घरातल्या पालीची शेपटी परत येते, बिअर्डेड ड्रॅगनची येत नाही. अकरा पिल्लं एका टाकीत ठेवू नका. आजच मापाने वेगळी करा, तीन-तीन, चार-चारच्या गटांत. भाजीच्या प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांना वर आणि बाजूला भोकं पाडली तरी काम भागतं. तळाला वर्तमानपत्र किंवा टिश्यू. वाळू नको, ती किड्याबरोबर पोटात जाते. एखादं पिल्लू पुढचा पाय उचलून हळूहळू गोल फिरवताना दिसेल. बघायला गोड वाटतं, पण ते समोरच्याला ‘मी तुझ्यापुढे नाही’ असं सांगत असतं. जे सतत असं करतं ते दबलेलं आहे, कमी खातं, त्याला एकटं ठेवा. जखमेवर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून दिवसातून दोनदा लावा. शेपटीचं टोक काळं, कोरडं पडत वर सरकत असेल तर घरी उपचार करत बसू नका.

राहिलेली दोन अंडी. एकाच खेपेची अंडी एक-दोन दिवसांच्या फरकाने फुटतात, कधी थोडी जास्त वेळ घेतात. अंडं चेपलेलं असेल, त्यावर घामासारखे थेंब आले असतील तर ते फुटायच्या बेतात असू शकतं. कापू नका. चीर पडून नाक बाहेर आलं असेल तरी ओढू नका. पिल्लू तसंच दिवस-दीड दिवस बसून बलक ओढत असतं. पोटाला बलकाची पिशवी लटकलेली दिसली तर ओल्या टिश्यूवर, छोट्या वाटीत, २८-२९ अंशांत एकटं ठेवा. पिवळं पडून, बुरशी येऊन वास मारणारं अंडं मात्र फेकून द्या.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. अंडी कपाटात, खोलीच्या तापमानात ठेवली होती असं तुम्ही लिहिलंय. मार्च-एप्रिलची आपली खोली म्हणजे अंड्यांना ३२च्या वर सहज मिळालं असणार. एवढ्या उष्णतेत या प्राण्याची जनुकाने नर असलेली अंडीही माद्या होऊन निघतात. ऑस्ट्रेलियात जंगलातल्या ड्रॅगनमध्येही हे घडतं, हे २०१५मध्ये दाखवलं गेलं. म्हणून तुमच्याकडे माद्या जास्त निघाल्या तर नवल वाटू देऊ नका. पण अती उबेत वाढलेली पिल्लं बऱ्याचदा लहान आणि नाजूकही असतात. आईला अंडी धरताना कॅल्शियम किती मिळालं होतं, यावरही बरंच ठरतं. सगळं नीट करूनही एखादं-दुसरं जाऊ शकतं, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

त्यासाठी नजरेवर विसंबू नका, वजन करा. सोन्याचांदीसाठी वापरतात तसा ०.१ ग्रॅमपर्यंतचा खिशातला डिजिटल काटा इतवारीत मिळेल. प्रत्येक पिल्लाचा पाठीवरच्या नक्षीचा फोटो काढा, नंबर द्या, दर तीन दिवसांनी वजन लिहा. पहिल्या आठवड्यात थोडं घटणं चालतं. त्यानंतर आलेख वर जायला हवा, महिन्याभरात दुपटीच्या पुढे. सातव्या दिवसानंतरही एखादं काहीच खात नसेल, वजन सलग दोनदा घटलं असेल, जबडा मऊ लागत असेल, मान वर वळवून आकाशाकडे बघत राहत असेल, तर त्याला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात घेऊन जा. सोबत ताजी विष्ठा स्वच्छ डबीत न्या, परजीवींची तपासणी त्यावरच होते. जाताना भर दुपारी निघू नका. छोटा डबा, आत ओलसर फडकं, सकाळची वेळ. आणि पिल्लांना किंवा टाकीला हात लावला की साबणाने हात धुवा, ताटल्या स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये विसळू नका. यांच्या विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला लांबच ठेवा.

अकरा पिल्लं तुम्ही कायम ठेवू शकणार नाही. मोठा ड्रॅगन दीड-दोन फुटांचा होतो, प्रत्येकाला स्वतंत्र, किमान चार फुटी जागा लागते. दोन महिन्यांची, स्वतः खाणारी, वजन धरलेली झाल्याशिवाय कोणालाही देऊ नका. देण्याआधी घेणाऱ्याकडची ट्यूब आणि थर्मामीटर डोळ्यांनी बघा. कागदपत्रांचंही बघून घ्या. २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातल्या परदेशी प्रजाती बाळगणं, देणं, त्यांचा जन्म, सगळं केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावं लागतं. हिरवा इग्वाना त्यात येतो. तुमच्या प्रजातीसाठी आजची यादी उघडून तपासा. आणि कितीही झाली तरी अंबाझरीच्या किंवा गोरेवाड्याच्या झाडीत सोडायची नाहीत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण ती लवकरच समोर येईल. मादी एकदा मिलन झाल्यावर नराचं बीज साठवून ठेवते आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा अंडी घालते. नराला आजच वेगळं करा, तरीही पुढची खेप येऊ शकते. तिच्या कॅल्शियममध्ये कसूर करू नका आणि तिला खणायला ओलसर माती-वाळूचं खोल भांडं द्या. जागा मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यात मरू शकते. पुढची पिल्लं नको असतील तर अंडी घातल्या दिवशीच उचलून फ्रीझरमध्ये ठेवा, गर्भ वाढायच्या आत. हवी असतील तर या वेळी कपाट नको. थर्मोस्टॅट लावलेली पेटी, २८-२९ अंश, आणि एसी असलेली खोली. पेटीतला हीटर फक्त ऊब देतो. खोलीच ३८वर गेली तर तो बंद पडून राहील आणि अंडी उकडत राहतील.

उद्या सकाळी टाकीच्या दोन्ही टोकांची तापमानं आणि अकराही वजनं लिहून पाठवा. दिवा किती वेळ ठेवायचा ते त्यावरून नेमकं सांगते.